उजव्या सीटवरची टकटक

वैकुंठ चतुर्दशीला आमच्या घरी जागरण असतं. उपास माझा एकटीचा, पण जागायला सगळे बसतात, कारण दुसऱ्या दिवशी देवदिवाळी आणि वाती वळायच्या राहिलेल्या असतात. त्या रात्रीही दुर्गाघाटावरच्या आमच्या गच्चीवर सतरंजी घातली होती. कापसाची टोपली मध्ये. पलीकडे पंचगंगा घाटावर उंच बांबूंच्या टोकांना आकाशदीप लागले होते. वारा नव्हता, तरी दिवे ठेवलेल्या टोपल्या हळूहळू हलत होत्या.

रोहनच्या कानात नवे इअरफोन होते. बाहेरचा आवाज आत येऊ न देणारे. संध्याकाळपासून तो त्यांच्यावर चिडलेला.

"यार, बिलकुल नवीन आहेत, आणि राइट साइड डेड."

"आई हाका मारते ते ऐकू येत नाही ना? म्हणजे चाललेत की व्यवस्थित," मधुरा म्हणाली. वाती वळून वळून तिची बोटं दुखत होती आणि भाऊ बसून होता, त्याचा राग.

प्रल्हादकाका शाल गुंडाळून कठड्याला टेकले होते. माझ्या मिस्टरांचे ते चुलते, विमानतळावर रेडिओच्या खात्यात नोकरी झाली. बोलणं मुळातच कमी. त्यांनी विचारलं, "उजवी बाजू?"

"हो ना काका."

"काही ऐकू येत नाही?"

"काहीच नाही."

"मग ठीक आहे."

"ठीक कसं?"

काका आकाशदीपांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते काढून ठेव कानातून. एक सांगतो. रत्नाकरची गोष्ट आहे, ऐकीव नाही. त्या दिवशी मी तिथे होतो."

रोहननं इअरफोन काढले. पुढचं सगळं काकांच्याच शब्दांत लिहिते आहे.

*

ब्रह्माघाटाच्या गल्लीतला रत्नाकर तुम्हाला माहीत आहे. बाबतपूरला आमच्या विमानतळावर लहान विमानं चालवायला शिकवणारी एक शाळा आहे, तिथे तो शिकवतो. तीन वर्षांपूर्वी, नवरात्र चालू असताना, तो कँट स्टेशनाजवळ कुरियरच्या ऑफिसात एक खोका आणायला गेला. त्याची मुलगी देवयानी पुण्यात असते, तिनं पाठवला होता. आत नवा हेडसेट. म्हणजे वैमानिक डोक्यावर घालतो ना, कानावर दोन वाट्या आणि तोंडापुढे माइक, तो. तुझ्या इअरफोनसारखाच, बाहेरचा गोंगाट मारून टाकणारा.

गरज होतीच. लहान विमानात बसणं म्हणजे इंजिन मांडीवर घेऊन बसणं. इतक्या वर्षांत रत्नाकरचे कान उतरले होते. टॉवरवरून काही सांगितलं की अर्धं निसटायचं. कानांची तपासणी तोंडावर आली होती आणि शाळेच्या मुख्यांनी एकदा बोलून दाखवलं होतं, "रत्नाकरजी, अब ज़मीन पर बैठकर पढ़ाइए." खाली बसून फळ्यावर शिकवायचं. त्याच्यासाठी ते मरणच. म्हणून त्या खोक्यावर त्याची सगळी भिस्त.

तोवर तो जो हेडसेट वापरत होता, तो त्याचा नव्हता. शिवरामसरांचा होता. सर म्हणजे त्याचे गुरू. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, जेवायला बहुतेक रत्नाकरकडेच. शिकवणारा नेहमी उजव्या सीटवर बसतो, शिकणारा डाव्या. सर आयुष्यभर उजवीकडे बसले. गालात मगही पान, गुलकंद घातलेलं. त्यांच्या माइकवरची फोमची टोपी कायम लाल. आणि गेलेही त्याच सीटवर. विमान उतरलं होतं, इंजिन बंद झालं होतं. रत्नाकरनं शेजारी बघितलं तर सर बसलेलेच, डोक्यावर हेडसेट तसाच. तो हिरवा जुना हेडसेट रत्नाकरनं पुढे वापरला. आणि दर कार्तिकात सरांच्या नावानं पंचगंगेवर आकाशदीप चढवायला लागला. त्यांचं दुसरं कोण होतं?

तर, नवा हेडसेट आला. रत्नाकरच्या बायकोनं, बकुळवहिनींनी म्हटलं, खंडेनवमीला पूजा करून मगच वापरायचा. आपल्याकडे कुणी सुऱ्या-कात्र्या पूजतं, कुणी शिलाईचं मशीन. त्यांनी देवघरात पाट मांडून हेडसेट पूजला. हळदीकुंकू, अक्षता, फूल, सगळं यथासांग.

दसऱ्यानंतर रत्नाकर तो घालून उडाला आणि चिडून उतरला.

पहिल्या दिवशी एकच कान चाले. शाळेचा तंत्रज्ञ निनाद, नाशिकचा पोरगा, त्यानं हेडसेटच्या वायरवरच्या डबीतलं एक बारीक बटण सरकवलं. विमानातली वायरिंग जुनी, एका वाहिनीची. हेडसेट दोन वाहिन्यांचा. दोघांची भाषा जुळत नव्हती. बटण सरकवलं, दोन्ही कान सुरू.

दुसऱ्या दिवशी किणकिण. इंजिन वाढवलं की आवाज चढे, कमी केलं की उतरे. "हा हेडसेटचा दोष नाही सर," निनाद म्हणाला, "इंजिनावरचा वीज करणारा भाग आहे ना, त्याचा आवाज वायरीतून येतोय. जुन्यात गोंगाटात ऐकू येत नव्हता, एवढंच." दोन दिवस सीटखाली पालथा पडून त्यानं कुठली तरी सैल तार शोधली. किणकिण गेली.

मग टॉवर म्हणायला लागला, "से अगेन." पुन्हा सांगा. रत्नाकर बोलायचा, तिकडून, "से अगेन." मीच असायचो तिकडे बऱ्याचदा. पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज यायचा त्याचा. आता मुख्यांच्या कानावर गेलंच. आधी याला ऐकू येत नव्हतं, आता याचं कुणाला ऐकू येईना.

रत्नाकरनं हेडसेट निनादच्या टेबलावर आपटला. "पुण्याहून काय हे खेळणं पाठवलंय पोरीनं."

निनादनं माइकची टोपी काढली, आत बघितलं, आणि विचारलं, "सर, तुम्ही पान कधीपासून खायला लागलात?"

"मी पान खात नाही. पान शिवरामसर खायचे."

"मग आत लाल काय आहे?"

कुंकू होतं. फोमच्या छिद्रांतून आत गेलेलं, पाण्यात कालवलेलं. शिवाय एक अक्षत माइकच्या जाळीवर अडकून बसली होती. रत्नाकरनं घरी फोन लावला आणि बोलू नये ते बोलला. बकुळवहिनी शांतपणे म्हणाल्या, "पूजा केली म्हणून निदान सापडलं तरी. नाहीतर कशानं बिघडलंय तेच कळलं नसतं."

निनादनं माइक साफ केला. टोप्या मात्र मिळेनात, म्हणून बाजारात गाणाऱ्यांच्या माइकला घालतात तसल्या पिवळ्या फोमच्या टोप्या आणल्या. एक नव्याला चढवली. दुसरी उरली ती सरांच्या हिरव्या हेडसेटला. मुख्यांनी सांगितलं होतं, तुमच्या नव्याचा भरवसा नाही, जुना पिशवीत घालून बरोबर ठेवायचा.

त्यानंतर सगळं ठीक झालं. टॉवरला स्वच्छ ऐकू जाई. रत्नाकरला टॉवर इतका स्वच्छ ऐकू येई की त्याला रडू आलं म्हणे. विमानात बसून पहिल्यांदाच शांतता.

आणि त्या शांततेत... टकटक.

*

मधुराच्या हातातली वात अर्धीच राहिली होती. "कसली टकटक, काका?"

"नख आपटल्यासारखी," काका म्हणाले. त्यांनी कठड्याच्या दगडावर नख वाजवलं. दोनदा. मग शाल पुन्हा सारखी केली.

"लूज कनेक्शन असेल," रोहन म्हणाला. पण हळू.

"रत्नाकरही हेच म्हणाला."

*

उजव्या कानात यायची. सतत नाही. मध्येच. टकटक... मग बराच वेळ काही नाही. रत्नाकरचं डोकं फिरलं. कुठलाही बिघाड सारखा सारखा येतो तो बरा, शोधता येतो. हा दाखवायला गेलं की गप्प. जमिनीवर इंजिन चालू करून बसा, काही नाही. विद्यार्थी बरोबर असला, काही नाही. निनाद स्वतः शेजारी बसून उडाला, अर्धा तास कान देऊन बसला, काही नाही. खाली उतरून रत्नाकर त्याच्यावरच खेकसला, "तू असलास की येत नाही."

निनादनं उजव्या बाजूची प्लग घालायची खोबण बदलली. तारा बदलल्या. आपसांत बोलायची यंत्रणा उघडून परत बसवली. तो म्हणाला, "सर, उजव्या खोबणीत काही लावलेलंच नसतं तुम्ही एकटे असताना. माइकच नाही, तर आवाज येणार कुठून?"

"मला काय विचारतोस? तंत्रज्ञ तू आहेस."

एका रविवारी निनाद त्यांच्या घरी जेवायला होता. मीही होतो. तोच विषय. रत्नाकर ताटावर बसूनही त्याच तारा उसवत होता. "एकटा असलो तरच येते. उजवी सीट रिकामी असली तरच. अशी..." आणि त्यानं आमटीच्या वाटीवर नख वाजवलं. टकटक.

बकुळवहिनी भात वाढत होत्या. त्यांचा हात थांबला.

"शिवरामसर असंच करायचे ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही ताटावर बसून पुस्तक वाचायला लागलात की वाटीवर असंच नख. मान वर कर म्हणून."

मलाही आठवलं. विमानातही सर शिष्याला ओरडत नसत. त्यानं समोरच्या यंत्रांच्या काट्यांमध्ये डोकं घातलं, बाहेर बघणं सोडलं, की आपल्या माइकवर नख दोनदा. त्याचा अर्थ एकच. नजर बाहेर.

"वायरिंग आहे ते," रत्नाकर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "सरांना मधे आणू नकोस."

निनाद खाली बघून भात कालवत होता. मग हळूच म्हणाला, "एक आहे सर. नवा हेडसेट स्वतःहून कुठला आवाज आणत नाही. तो फक्त गोंगाट काढून टाकतो. त्यामागे जे असेल ते... आधीपासून असणार."

रत्नाकर ताटावरून उठला. हात धुवायलाही थांबला नाही.

त्या कार्तिकात सरांचा आकाशदीप चढवायला तो गेलाच नाही. वेळ नाही म्हणाला. बकुळवहिनी रोज संध्याकाळी जायच्या. दोरी ओढून टोपली वर चढवायच्या. त्यांचा दिव्याचा नेम होता महिनाभर. त्यात त्यांनी सरांचाही दिवा धरला.

मग चतुर्दशी आली. आजचीच तिथी. मुख्यांनी त्या संध्याकाळी रत्नाकरला एकट्याला पाठवायचं ठरवलं होतं. रामनगरच्या पलीकडे जाऊन यायचं, मावळतीच्या आत उतरायचं. ते स्वतः आमच्याकडे येऊन रेडिओ ऐकत बसणार होते. एकदा जरी "से अगेन" म्हणावं लागलं, तर उद्यापासून फळा. हे त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं.

निघायला उशीर झाला. हवेत धुरकट होतं. उजव्या सीटवर जुन्या हेडसेटची पिशवी ठेवलेली, चेन लावलेली, वरून सीटचा पट्टा आवळलेला. म्हणजे हलायला नको. निनादनंच आवळला.

उडाला. रेडिओ स्वच्छ. मुख्य मान डोलवत होते. मला बरं वाटलं.

पुढचं रत्नाकरनं मला सांगितलेलं. एकदाच. पुन्हा कधी बोलला नाही.

नदी ओलांडून तो वळला आणि टकटक सुरू झाली.

त्यानं दुर्लक्ष केलं. टकटक. आवाज कमी करायचं बटण फिरवलं. टकटक. एरवी मध्ये बराच वेळ जाई, आज नाही. एकामागून एक. त्याला भीती नाही वाटली. राग आला. आज, नेमकं आजच. या तारेनं माझी नोकरी खाल्ली. त्यानं उजवी बाजू तोडणारं बटण दाबलं. आता त्या बाजूनं काही येणं शक्यच नव्हतं.

टकटक.

तो खाली वाकला. प्लग नीट बसलाय का बघायला. प्लग मांडीजवळ, अंधारात. एक हात विमान वळवायच्या दांड्यावर, एक हात खाली. बोटांनी प्लग चाचपला. काढला. पुसला. घातला.

टकटक. टकटक.

"कोण आहे?"

बोलला तो. मोठ्यानं. स्वतःचाच आवाज कानात आला.

मग... काही नाही.

मग श्वास. जड. तोंड बंद ठेवून घेतल्यासारखा. गालात काहीतरी धरून.

उजवीकडून.

त्यानं उजवीकडे बघितलं नाही. बघवलं नाही, म्हणाला. डोकं खाली ठेवूनच त्यानं हेडसेट ओढून काढला आणि मांडीवर टाकला. एकदम इंजिनाचा गडगडाट. सगळं बुडून गेलं त्यात. आता काही ऐकू येणं शक्य नव्हतं...

टकटक.

कानात नाही. शेजारी.

त्यानं मान वर केली.

समोर दिवे होते.

पंचगंगेचे आकाशदीप. लहान लहान, पिवळे, ओळीनं. रोज वरून बघितलेले. पण ते खाली नव्हते. समोर होते. त्याच्या डोळ्यांच्या रेषेत. एक टोपली तर इतकी जवळ की ती हलताना दिसली.

वाकला होता ना तो. दांड्यावरचा हात नकळत पुढे गेलेला. नाक खाली झुकलेलं, पंखही कलते झालेले. विमान वळत वळत उतरत राहिलं, परत घाटांकडे. धुरकटात जमीन दिसत नव्हती. तो प्लग पुसत होता.

त्यानं दांडा ओढला.

*

काका थांबले. खाली घाटावर कुणीतरी होडीची साखळी ओढत होतं.

"मग?" रोहन म्हणाला.

"मग काय. इथे गल्लीत लोकांनी विमानाचा आवाज ऐकला. बकुळवहिनी तेव्हा खाली घाटावर होत्या, दोरी हातात. त्यांनी मान वर केली आणि डोक्यावरून सावली गेली. त्या म्हणतात, मी दोरी सोडली नाही. सोडली असती तर दिवा खाली आला असता."

"आणि रेडिओ?" मधुरानं विचारलं.

"त्यानं हेडसेट पुन्हा घातला. टॉवरला बोलला. उंची सांगितली, जागा सांगितली, खाली आलो होतो तेही सांगितलं, काही लपवलं नाही. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मुख्य म्हणाले, आवाज साफ़ है. टकटक तेव्हापासून नाही. त्यानंतर कधीच नाही. कानांच्या तपासणीतही निभावलं. आजही उडतो. पण उडताना काही बिघडलं तर बिघडू देतो, खाली उतरल्यावर बघतो. मान खाली घालत नाही."

मी म्हटलं, "चांगलंच झालं की मग. गुरूंनीच सांभाळलं."

"हो, चांगलंच झालं," काका म्हणाले. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता. "उतरल्यावर मी आणि निनाद धावत गेलो. रत्नाकर डाव्या सीटवर बसून होता, घामानं भिजलेला. निनादनं उजव्या सीटचा पट्टा काढला. पिशवीची चेन बंदच होती. त्यानं ती उघडली, हेडसेट बाहेर काढला."

"तुटला होता?"

"नाही. निनादनं त्याला नवी टोपी घातली होती ना. पिवळी. ती लाल होती."

मधुरानं हातातली वात खाली ठेवली.

"निनाद म्हणाला, वहिनींचं कुंकू असेल. आम्ही सगळ्यांनी तेच धरलं. रात्री बकुळवहिनींनी ती टोपी पाण्यात धुतली. कुंकू पाण्यात सुटतं. ते सुटलं नाही. त्यांनी ती नाकाशी नेली आणि माझ्या हातात दिली. गुलकंदाचा वास होता."

रोहनचे इअरफोन सतरंजीवर पडले होते. त्यानं पायानं ते थोडे लांब सरकवले.

"आता कुठे आहे ती?" मधुरानं विचारलं.

"त्यांच्याकडेच. आकाशदीपाचं सामान ठेवतात त्या डब्यात. आज संध्याकाळी दिवा चढवायला रत्नाकरनं मला बोलावलं होतं. डबा उघडला, तेव्हा मी बोट लावून बघितलं."

काकांनी बोट शालीच्या काठाला पुसलं.

"तीन वर्षं झाली, पोरांनो. अजून ओली आहे."